लग्नाच्या कॅसेटी मृग निघण्याआधी कपाटातून काढा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

3 मे जवळ आला की वर्तमानपत्रांत दादासाहेब फाळक्यांची आठवण निघते. 1913 साली त्या दिवशी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण तो चित्रपट एका घरानं केला, हे फारसं कुणी सांगत नाही. त्याच्या आधी फाळक्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना टिपलं होतं, महिनाभर रोज थोडी थोडी फिल्म खर्चून. ते हलतं रोप पाहून पैसे घालणारा माणूस तयार झाला. कोऱ्या फिल्मच्या कडांना अंधारात छिद्रं पाडणं, फिल्म धुणं, आणि त्यावर साठ-सत्तर माणसांचं रांधणं हे सगळं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केलं. रोहिदास झाला तो त्यांचा मुलगा भालचंद्र. 1919 मध्ये 'कालिया मर्दन'मधला कृष्ण झाली ती मुलगी मंदाकिनी. 1913 सालच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती होत्या आणि त्यांची लेक कमला मोहिनी. आपला चित्रपट माजघरातून आणि परसातून उभा राहिला.

त्यातलं हाती किती उरलं? 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण पाहता येत नाही. 1929 मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली आणि 1933 मध्ये पुण्याला गेलेली प्रभात कंपनी ज्या फिल्मवर काम करायची ती नायट्रेटची. ही फिल्म पेटली की जळायला लागणारा प्राणवायू तिच्या स्वतःतच असतो, त्यामुळे पाणी ओतून ती विझत नाही. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत अशा जुन्या फिल्मचा मोठा साठा गेला. हे सगळं राखायला संस्था होत्या, गोदामं होती, पगारी माणसं होती. तरी गेलं.

मला लिहायचं आहे ते आपल्या घरांतल्या चित्रीकरणाबद्दल. ते राखायला कुणीही नाही.

अंदाजे 1985 ते 2005 ही आपल्याकडची लग्नाच्या कॅसेटींची वर्षं. खांद्यावर घ्यायचा पॅनासॉनिकचा एम 3000 किंवा एम 9000, बाजूला सनगन म्हणजे प्रखर दिवा धरलेला पोरगा, आणि तीन तासांची व्हीएचएस कॅसेट. बेळगाव, शहापूर, वडगाव, येळ्ळूर, कडोली, उचगाव, खानापूर, निपाणी, सगळीकडे हाच थाट. या कॅसेटींत लग्न तर आहेच. त्याखेरीज वरातीच्या मागे दिसणारा रुंदीकरणाच्या आधीचा रस्ता आहे, दुकानांच्या पाट्या आहेत, मातीच्या भिंतीची घरं आहेत, हळदीच्या ओव्या आहेत आणि मांडवात बसून बोलणारी माणसं आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चित्रपट आहेत. येळ्ळूरच्या मांडवातली मंगलाष्टकं तिथं नसणार, बंगळूरच्या दप्तरात तर नाहीच नाही. सीमाभागातली मराठी घरात कशी बोलली जात होती, हे ऐकायची जागा म्हणजे आपल्या कपाटाचा वरचा कप्पा.

आणि तो कप्पा कुजतो आहे. कसा, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

व्हीएचएसची टेप अर्धा इंच रुंद असते. चित्र तिच्यावर तिरक्या रेघांनी उमटतं, एकेक रेघ 49 मायक्रॉनची, डोक्याच्या केसाहूनही बारीक. आवाज मात्र टेपच्या वरच्या कडेला एका अरुंद पट्टीत सरळ लिहिलेला असतो. खालच्या कडेला यंत्रानं ताल धरावा म्हणून ठोके नोंदलेले असतात. ओल, बुरशी, चुरगळणं, सगळं कडेकडून आत शिरतं. त्यामुळे पहिल्यांदा आवाज खरखरीत होतो, बुडतो, मग चित्र थरथरायला लागतं, आणि चेहरे सगळ्यांत शेवटी जातात. लोक कॅसेट लावतात, नवरा-नवरी दिसतात, 'चांगली आहे की' म्हणून परत ठेवून देतात. तोवर आजीची ओवी पुसून गेलेली असते. माझ्या मते चित्रापेक्षा तो आवाजच मोलाचा आहे, कारण तिचे फोटो आणखी चार ठिकाणी सापडतील, आवाज कुठंच सापडणार नाही.

टेपला मानवणारा दमटपणा 30 ते 50 टक्के. 65-70 टक्क्यांच्या वर बुरशी धरायला लागते. जांबोटी, कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर काय हवा असते ते सांगायला नको. बेळगाव शहरातही श्रावणात कपाटातल्या चपला हिरव्या होतात. म्हणून हे पत्र आता, मृग निघायच्या आत. कोरड्या दिवसांत हे काम जितकं सोपं आहे तितकं पुढचे चार महिने असणार नाही.

सुरुवात पाहण्यापासून करा, लावण्यापासून नको. कॅसेट खिडकीपाशी न्या आणि तिच्या पारदर्शक खिडकीतून गुंडाळीची कड बघा. कड काळीभोर, सपाट, एकसारखी असेल तर ठीक. पांढरे ठिपके, पिठासारखी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळीसारखं काही दिसलं तर ती कॅसेट कुठल्याही यंत्रात घालू नका. बुरशी यंत्राच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटते, चित्रावर बर्फ पडल्यासारखे ठिपके येतात, आणि त्यानंतर त्या यंत्रात घातलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटीला लागण होते. एका घरच्या खराब कॅसेटीमुळे दुसऱ्या घरची चांगली कॅसेट बिघडते ती अशी. असली कॅसेट हाताळताना तोंडावर मास्क लावा, ती वेगळ्या पिशवीत ठेवा, मुलांना त्यापासून लांब ठेवा.

बुरशी लागलेली कॅसेट टाकून द्यायची मात्र नाही. तिला आठ-दहा दिवस हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवायचं. वीस कॅसेटींच्या डब्याला पाव किलो दाणे पुरतात. दाणे नारिंगी रंगाचे घ्यावेत, ओल शोषली की ते हिरवे होतात. निळे दाणे गुलाबी होतात, पण त्यांत कोबाल्ट असतं, ते घरात नकोत. रंग बदललेले दाणे मंद आचेवर रंग परत येईपर्यंत तापवले की पुन्हा कामाला येतात. त्यासाठी वेगळी जुनी कढई ठेवा, स्वयंपाकाची नको. वाळलेली बुरशी सुटी होते, मग ती निघते. पुढचं काम जाणत्या माणसाचं. कॅसेटीच्या पाठीला पाच स्क्रू असतात, ते काढून आतली दोन्ही रिळं स्वच्छ रिकाम्या कॅसेटीत बसवायची, टेपची कड कोरड्या मऊ कापडावरून हळूहळू ओढून घ्यायची. टेप तुटलेली असेल तर साधी चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो आणि हेडवर बसतो. टेप जोडायची पट्टी वेगळी मिळते. आणि कपाटात डांबरगोळ्या ठेवायची आपली सवय कॅसेटींसाठी सोडा, त्या वाफेचा प्लास्टिकला त्रासच होतो.

चांगली दिसणारी कॅसेटही लगेच लावायची नाही. मागच्या कडेला डाव्या बाजूला प्लास्टिकचा छोटा चौकोनी तुकडा असतो, तो आधी मोडून टाका. तो असेल तर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं की लग्नावर दुसरं काहीतरी भरलं जातं. पुष्कळ घरांतल्या मुंजी आणि बारशी क्रिकेटच्या सामन्यांखाली अशीच गाडली गेली आहेत. ज्या खोलीत कॅसेट लावायची त्याच खोलीत ती आदल्या दिवसापासून ठेवा, म्हणजे गार-गरम हवेच्या फरकानं टेपवर दव धरणार नाही. यंत्र बरेच दिवस बंद असेल तर आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट घालून पाहा. यंत्रानं ती खाल्ली तरी हळहळ नको. मग लग्नाची कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली गुंडाळी सैल होऊन सारखी बसते. चित्र थांबवून बघत बसू नका. पॉज केलं की फिरतं हेड टेपच्या एकाच जागेवर घासत राहतं.

हेड पुसायचं असेल तर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड किंवा जाड कागद घ्यावा. हेड ज्यावर बसवलेलं असतं त्या फिरत्या ड्रमला कागद टेकवून धरायचा आणि ड्रम हातानं आडवा फिरवायचा. कानात घालायची कापसाची काडी वर-खाली फिरवली की हेडचा टवका उडतो आणि यंत्र कायमचं जातं. ही चूक अगदी नेहमी होते.

घाई का, तर यंत्रं संपत आली. जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै 2016 मध्ये व्हीसीआर, म्हणजे कॅसेट लावायचं यंत्र, करणं थांबवलं, त्यानंतर नवं यंत्र कुणी केलेलं नाही. आहेत त्यांचे रबरी पट्टे आणि रोलर कडक होत चालले आहेत. दुरुस्त करणारे जुने कारागीरही थकले. कॅसेट आणखी दहा वर्षं तग धरेल, पण ती वाचणारं यंत्र तेव्हा मिळेल याचा भरवसा नाही.

कॅसेट दुकानात देऊन पेनड्राइव्हवर करून घेणार असाल तर दुकानदाराला चार गोष्टी स्पष्ट सांगा, शक्य तर लिहून द्या. काहीही कापायचं नाही. गाणं घालायचं नाही. नावं, फुलं, बदाम असलं काही टाकायचं नाही. आणि चित्र ताणायचं नाही. जुनं चित्र चारास तीन या मापाचं असतं, नव्या टीव्हीच्या मापाला ते ताणलं की सगळी माणसं बुटकी आणि लठ्ठ दिसतात. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. यंत्राची मांडणी पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीची हवी, चित्राचं माप 720 गुणिले 576, सेकंदाला 25 चित्रं. एनटीएससी ही अमेरिकी पद्धत निवडली तर रंग जातात किंवा चित्र उड्या मारतं. तीन तासांची कॅसेट भरायला तीन तासच लागतात, त्यात वेग वाढवता येत नाही. 'अर्ध्या तासात देतो' म्हणणाऱ्याकडे देऊ नका.

व्हीसीआरमधलं चित्र संगणकात घेणारी स्वस्तातली यूएसबी पट्टी वापरून घरी करता येतं, पण तिचा एक दोष माहीत असावा. जुन्या टेपचा ताल डळमळीत असतो. पट्टीला तो सापडला नाही की ती मधली चित्रं गाळते, आणि दोन तासांनंतर ओठ आणि आवाज यांच्यात अंतर पडलेलं असतं. टाइम बेस करेक्टर नावाचं उपकरण मध्ये जोडलं की हे थांबतं. ते मिळालं नाही तर जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये ठेवून त्यातून चित्र पुढे न्यावं, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. पाहायची प्रत एच 264 या आवळण्याच्या पद्धतीत सेकंदाला 8 मेगाबिटला केली तर तासाला साडेतीन जीबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे अख्खी कॅसेट 11 जीबीत मावते. जपून ठेवायची प्रत दर्जा अजिबात न घालवता आवळली (लॉसलेस) तर तासाला 30 जीबीपर्यंत जाते. आजच्या हार्डडिस्कच्या मानानं हेही फार नाही. एका तरी कॅसेटीची, निदान आजोबा-आजी असलेलीची, अशी प्रत करावी.

इथं एक दुखरी जागा आहे. मिक्सिंग केलेल्या कॅसेटीत मूळ आवाज बहुधा नसतोच. मांडवातल्या सगळ्या बोलण्यावर, रडण्यावर, ओव्यांवर त्या काळची हिंदी गाणी चढवलेली असतात. पाठवणीला आई मुलीच्या कानात काय म्हणाली ते त्या गाण्याखाली गेलं. पण मिक्सिंगच्या आधीची मूळ कॅसेट, जिला धंद्यात 'रॉ' म्हणतात, ती कधीकधी व्हिडिओवाल्याच्या माळ्यावर असते. बहुतेकांनी ती पुसून पुढच्या लग्नाला वापरली, तरी विचारायला काय जातं? आपल्या गावात त्या काळी कोण शूटिंग करायचं हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्या घरी जा, माळा उघडायला सांगा. असा एक माळा म्हणजे अख्ख्या गावाची वीस वर्षं असतात.

सीडी आणि डीव्हीडी नव्या आहेत म्हणून टिकतील असं समजू नका. घरी लिहिलेल्या तबकडीत रंगाचा थर असतो, तो उजेडानं आणि ओलीनं फिका पडतो. वरून चिकटवलेलं लेबल आणि बॉलपेननं लिहिलेली तारीख हे दोन तिचे शत्रू. व्हीसीडी असेल तर संगणकावर उघडून आतल्या एमपीईजीएव्ही फोल्डरमधल्या डॅट फाइली सरळ उतरवून घ्याव्यात, डीव्हीडीत व्हिडिओ-टीएस फोल्डर असतं ते अख्खं घ्यावं. तबकडी वाचली जात नसेल तर पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नको, आणि दुसऱ्या संगणकात घालून पाहा. एकाला न वाचता आलेली दुसऱ्याला पुष्कळदा वाचता येते. मिनीडीव्ही, म्हणजे छोटी डिजिटल कॅसेट, असेल तर ती फायरवायर नावाच्या संगणकी वायरीनंच उतरवा. त्या टेपवर आकडेच लिहिलेले असतात, फायरवायरनं ते जसेच्या तसे उतरतात, तासाला 13 जीबी. पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीनं घेतलंत तर विनाकारण दर्जा घालवाल. कॅम्पातल्या किंवा सैन्यात असलेल्या एखाद्या घरी 8 मिलिमीटरची फिल्म निघालीच आणि डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ती प्रोजेक्टरवर चढवू नका. फिल्म आकसलेली असते, दात छिद्रं फाडतात. ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवून चित्रागणिक स्कॅन करणाऱ्याकडे द्यावी.

उतरवून झालं की खरं काम. घरातल्या सगळ्यांत जुन्या माणसाला शेजारी बसवून ते चित्रीकरण बघायचं आणि कोण कोण आहे ते वेळेसकट लिहायचं: '00:42:10, डावीकडून दुसरी, लाल काठाची साडी, खानापूरची आत्या'. ही यादी नसेल तर वीस वर्षांनी त्या फाइलीत दोनशे अनोळखी माणसं उरतील. फाइलीचं नाव सालापासून सुरू करा, म्हणजे आपोआप क्रमानं लागतात: '1994-05 लग्न येळ्ळूर कॅसेट 1'. 'आईची जुनी फाइल नवीन फायनल' अशा नावाची फाइल पुन्हा कुणाला सापडत नाही.

चित्रपट करणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो कापण्याचा. नको ते काढ, कथा पुढे ने. घरच्या चित्रीकरणाला तो धडा लावू नये असं मला फार वाटतं. तिथं कॅमेरा चुकून जिकडे वळला तेच बघण्यासारखं असतं: भिंतीवरचं कॅलेंडर, कोपऱ्यातलं जातं, पंगतीत वाढताना झालेली कुजबुज. आणि आणखी एक दिसतं. स्टेजवर भेट देणारे दोनशे पाहुणे ओळीनं आहेत, पण दोन दिवस चुलीपाशी असलेल्या बायका एकाही चित्रात नाहीत. कॅमेरा स्टेजकडे तोंड करून उभा असायचा. घरातली थोरली वहिनी, काकू, मावशी यांचं आयुष्य कॅमेऱ्याच्या पाठीमागे गेलं. यंदा घरात लग्न असेल तर व्हिडिओवाल्याला अर्धा तास स्वयंपाकाकडे पाठवा, किंवा घरच्याच कुणीतरी फोन घेऊन तिथं बसा.

कॅसेटीत जे आलं नाही ते फोननं अजून धरता येईल, माणसं हयात आहेत तोवर. त्यासाठी महागडा कॅमेरा नको. फोन आडवा, विमान मोडवर, 1080 दर्जावर. मिनिटाला साधारण 60 ते 130 एमबी लागतात, तेव्हा तासाभरासाठी 8 जीबी मोकळे आहेत ना बघून घ्या. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली सेकंदाला 30 चित्रांवर घेतलं की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. 25 चित्रं निवडा, किंवा दिवे बंद करून खिडकीच्या उजेडात घ्या. खिडकी माणसाच्या बाजूला हवी, पाठीमागे नको. फोन बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, चार-पाच फुटांवर, तिपाईवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर. हातात धरू नका.

आवाजाला चित्राच्या दुप्पट वेळ द्या. फोनचा स्वतःचा माइक चार फुटांवरून खोलीच ऐकतो, माणूस ऐकत नाही. वायरचा छोटा कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर लावला की फरक लगेच कळतो. नऊवारीच्या पदरावर तो लावू नका, प्रत्येक हालचालीला खसखस येते. काठाला पिन करून पदर मागे खोचावा. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज परत सुरू करायचं विसरतं, म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवावी. शहापूर, वडगाव, खासबागेत शेजारी यंत्रमाग असेल तर त्याच्या सुट्टीचा दिवस धरा, दार लावून तो आवाज अडत नाही. फरशीची मोकळी खोली घुमते. भिंतीशी दोन वाकळा टांगल्या आणि खाली सतरंजी घातली की घुमणं निम्म्यावर येतं. बोलणं संपल्यावर सगळ्यांनी गप्प बसून त्या खोलीची शांतता अर्धा मिनिट भरून घ्या. पुढे कुणी जोडकाम करायला बसला तर सांधे झाकायला तीच उपयोगी पडते.

'तुमचं आयुष्य सांगा' असं विचारलं की माणूस दोन वाक्यांत आटोपतो. हाताच्या कामाबद्दल विचारा. भाताचा तरवा कसा टाकायचा, मागावर ताणा कसा चढवायचा, लग्नात चूल कुठं मांडली होती, मिरवणुकीत चित्ररथावर कोण काय व्हायचं. जुन्या फोटोंचा अल्बम मांडीवर द्या आणि बोटानं दाखवायला सांगा, नावं धडाधड येतात. उत्तर संपलं असं वाटल्यावर मनात पाच आकडे मोजा. खरी गोष्ट त्या पाच आकड्यांत सुरू होते. मध्ये 'हं हं' करू नका, मान हलवा. चाळीस मिनिटांपुढे एका बैठकीत ताणू नका, आणि ती सकाळची असावी.

आणि बोली सुधारू नका. कॅमेरा लागला की आपण म्हाताऱ्यांना 'नीट बोल गं आज्जी' म्हणतो, तिथंच घात होतो. 'काय करायलास' म्हणणारी, मराठीच्या वाक्यात सहज कन्नड शब्द घालणारी, अक्का-अण्णा म्हणणारी ही बोली हेच आपलं वेगळेपण आहे. पुस्तकी मराठी पुण्यात मुबलक आहे. कडोलीच्या आजीनं पुण्याच्या बातमीदारासारखं बोलून दाखवलं तर ते चित्रीकरण कशाला केलं?

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी परवानगी घ्या आणि संपल्यावर पुन्हा विचारा. शेतीच्या वाटण्या, भाऊबंदकी, अंगावरचे दागिने, कुणाच्या लेकीचं मोडलेलं लग्न हे ओघात निघतं. ते जपून ठेवा, पण नेटवर टाकू नका. आज्जी 'हे नको रे' म्हणाली तर तो भाग तिच्या हयातीत कुणाला दाखवायचा नाही.

प्रती तीन असाव्यात. दोन घरात, वेगवेगळ्या हार्डडिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी, पुण्याच्या मुलीकडे किंवा कोल्हापूरच्या भावाकडे. 2019 च्या पुरानंतर हे वेगळं सांगायला नको. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं बंद ठेवला की त्यातलं लिखाण हळूहळू विरतं, ती नेण्या-आणण्याची वस्तू आहे, साठवणीची नव्हे. हार्डडिस्क वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, जोडून दहा मिनिटं चालवा आणि दोन-चार फाइली उघडून पाहा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की तो आवळला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसाच जातो. उतरवून झालेल्या कॅसेटी फेकू नका. पूर्ण रिवाइंड करून, पुस्तकासारख्या उभ्या, लोखंडी कपाटात भिंतीपासून लांबच्या बाजूला ठेवाव्यात. उद्या चांगलं यंत्र मिळालं तर पुन्हा उतरवता येतील.

गावोगावची वाचनालयं आणि दर हिवाळ्यात आपल्याकडे भरणारी ग्रामीण साहित्य संमेलनं यांनी हे काम हाती घ्यावं, अशी कळकळीची विनंती आहे. फार लागत नाही. चालू स्थितीतले दोन व्हीसीआर, एक टाइम बेस करेक्टर, एक संगणक, एक कोरडी खोली, आणि आठवड्यातून दोन दिवस बसणारी दोन मुलं. रोज दोन कॅसेटी धरल्या तरी मेअखेरपर्यंत एका गावाच्या पंधरा-वीस होतात. यंत्रं घराघरात विकत घेण्यात अर्थ नाही, गावात एक जोडी पुरे. बुरशी काढून साफ केलेल्या कॅसेटींसाठी वेगळं, तिसरं यंत्र ठेवावं आणि त्यावर तसं मोठ्या अक्षरांत लिहावं.

आपल्या दैनिकाकडे एक मागणं आहे. अशा जुन्या चित्रीकरणांतलं एखादं सार्वजनिक ठिकाणाचं स्थिरचित्र, बाजारपेठ, टॉकीज, जत्रा, शिवजयंतीची मिरवणूक, आठवड्याला एक छापावं आणि ठिकाण, साल, कोपरा ओळखून कळवायला वाचकांना सांगावं. घरगुती चेहरे त्यात नकोत. ज्यांच्या माळ्यावर मूळ कॅसेटी पडून आहेत असे जुने व्हिडिओवाले बहुतेक सगळे हे दैनिक वाचतात. पहिलं चित्र मेच्या दुसऱ्या आठवड्यात छापलं तर त्यांच्या हाती तीन-चार कोरडे आठवडे राहतील.

आपला,
एक चित्रपटकार
शहापूर, बेळगाव